उसने मैदान

(एखाद्या संघाचे स्वतःचे मैदान बांधून होईपर्यंत तो संघ कुठे खेळतो? दुसऱ्याच्या मैदानावर राहताना पाहुण्याला काय सोसावे लागते आणि यजमानाला काय सांभाळावे लागते? या पाठात मुंबई, पुणे आणि इंग्लंडमधील उदाहरणे देऊन ही माहिती सांगितली आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची शाळा दोन पाळ्यांत भरत असेल. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. इमारत तीच, वर्ग तेच, बाकेही तीच. सकाळच्या मुलाने बाकावर आपले नाव कोरून ठेवलेले असते आणि दुपारी त्याच नावावर वही ठेवून तुम्ही गणिते सोडवता. कधी फळा पुसलेला नसतो. कधी खिडकीची काच फुटते आणि दोन्ही पाळ्यांची मुले सांगतात, "आम्ही नाही फोडली!" पहिल्या शाळेचा शेवटचा तास लांबला, तर दुसऱ्या शाळेची मुले फाटकाबाहेर उन्हात उभी राहतात. थोडी कुरबूर होते, पण दोन्ही शाळा चालतात.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," असे आपण म्हणतो. ही म्हण उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. पण इमारत किंवा मैदान म्हणजे काही तलवारीची म्यान नव्हे. नीट ठरवून घेतले, तर एका जागेत दोघे राहू शकतात. खेळाच्या जगात तर असे वारंवार घडते. एखाद्या फुटबॉल संघाचे मैदान जुने होते, ते पाडून नवे बांधायचे ठरते. बांधकामाला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर सामने थांबवता येत नाहीत. मग तो संघ दुसऱ्या एखाद्या संघाच्या मैदानावर जातो. शेजारणीकडून साखर उसनी आणावी, तसे हे उसने मैदान असते.

या पाठात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. हे दोन्ही शब्द तुम्हांला घरचे वाटतील. पहिला शब्द 'करार'. मराठीत करार म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेल्या अटी. उर्दूत 'करार' म्हणजे मनाचे स्वास्थ्य, चैन. दुसरा शब्द 'मुदत'. मराठीत मुदत म्हणजे ठरवून दिलेला काळ. पुस्तक परत करण्याची मुदत आठ दिवसांची असते. उर्दूत मात्र 'मुद्दत से' म्हणजे फार दिवसांपासून. या दोन अर्थांतील फरक लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता 'घरचे मैदान' म्हणजे काय, ते पाहू. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. एकदा स्वतःच्या मैदानावर, एकदा दुसऱ्याच्या. स्वतःच्या मैदानावर खेळताना आपले प्रेक्षक असतात. मैदानाचा कोणता कोपरा ओला राहतो, चेंडू कुठे जास्त उसळतो, हे खेळाडूंना ठाऊक असते. तिकिटांचे पैसेही घरच्या संघाला मिळतात. म्हणून घरचे मैदान गेले की संघाचे बळ, प्रेक्षक आणि उत्पन्न या तिन्ही गोष्टी एकदम अडचणीत येतात.

आपल्या महाराष्ट्रातच असे घडले आहे. मुंबईत मंत्रालयाजवळ कूपरेज हे फुटबॉलचे जुने मैदान आहे. रोव्हर्स कप ही देशातील नामांकित स्पर्धा अनेक वर्षे याच मैदानावर होत असे. आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाल्यावर मुंबई एफ.सी. आणि एअर इंडिया हे मुंबईचे संघ कूपरेजवर खेळत. पुढे कूपरेजचे नूतनीकरण हाती घेण्यात आले. तेथे कृत्रिम गवताचे नवे मैदान करायचे होते. मग या संघांनी जायचे कोठे?

त्यांना जागा मिळाली पुण्याजवळच्या बालेवाडीत. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. २००८ साली तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या. तेथील मैदानावर पुणे एफ.सी. हा पुण्याचा संघ आधीपासून खेळत होता. २०११ नंतरच्या काही हंगामांत मुंबईचे संघही तेथेच 'घरचे' सामने खेळू लागले. एका मैदानाला तीन घरमालक झाले!

या गोष्टीचा अर्थ नीट समजावा म्हणून नकाशा काढा. मुंबईहून बालेवाडी सुमारे दीडशे किलोमीटर आहे. नांदेडहून लातूरला जायला जवळजवळ तेवढेच अंतर पडते. कल्पना करा, नांदेडच्या संघाचा सामना आहे. फलकावर लिहिले आहे, 'नांदेड संघाचा घरचा सामना'. पण सामना आहे लातूरला! नांदेडच्या मुलाने सकाळी एस.टी.चे तिकीट काढायचे, चार तास प्रवास करायचा, दीड तासाचा खेळ पाहायचा आणि रात्री परत यायचे. त्याला बसचे भाडे परवडेल का? वडील परवानगी देतील का? पहिल्या सामन्याला दहा मित्र जातील. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला कदाचित एकच. परक्या मैदानाचा सर्वांत मोठा तोटा हाच. खेळाडूंना गाडी घेऊन जाते, प्रेक्षकांना कोण नेणार?

एक गंमतही होई. मुंबई एफ.सी. आणि पुणे एफ.सी. यांचा सामना असला, की एकदा मुंबईचा संघ यजमान असे आणि एकदा पुण्याचा. पण मैदान दोन्ही वेळा बालेवाडीचेच! घर बदलत होते ते फक्त कागदावर.

आता थोडे गणित करू. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये १४ संघ होते. प्रत्येक संघाला उरलेल्या १३ संघांशी दोनदा खेळायचे, म्हणजे एकूण २६ सामने. त्यांपैकी १३ घरचे. आता तीन संघांचे घर एकच असेल, तर त्या मैदानावर किती सामने होतील? १३ गुणिले ३, म्हणजे ३९. जे गवत १३ सामन्यांसाठी वाढवले, त्यावर ३९ सामने! फुटबॉलच्या बुटांना तळाशी खुंट्या असतात. धावताना त्या मातीत रुततात आणि गवत मुळासकट उखडते. सर्वांत आधी गोलसमोरची जागा उघडी पडते, कारण तेथे सर्वांत जास्त झटापट होते. मग माळी तेथे माती भरतो, पाणी घालतो, रोलर फिरवतो. गवताला पुन्हा मूळ धरायला दिवस लागतात. ते दिवसच मिळाले नाहीत, तर चेंडू वेडावाकडा उसळतो आणि खेळाडूंचे पाय मुरगळतात.

म्हणून मैदान वाटून घेताना चार गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. पहिली गोष्ट तारखा. एक संघ घरी खेळत असेल त्या आठवड्यात दुसरा बाहेरगावी जाईल, असे वेळापत्रक आखावे लागते. दुसरी गोष्ट पैसा. पाहुणा संघ भाडे किती देणार, तिकिटांच्या विक्रीत मैदानाच्या मालकाचा वाटा किती, दिव्यांचे वीजबिल कोण भरणार, हे ठरावे लागते. तिसरी गोष्ट निगा. गवत, कपडे बदलण्याच्या खोल्या, तुटलेल्या खुर्च्या यांची जबाबदारी कोणाची? चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे मुदत. पाहुणा किती दिवस राहणार आणि आपल्या घरी केव्हा परतणार?

आपल्याकडे एक म्हण आहे : 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.' म्हण विनोदाची आहे, पण तिच्यात शहाणपण आहे. परत जाण्याचा दिवस ठरलेला नसेल, तर पाहुणाही अवघडतो आणि यजमानही कंटाळतो.

या चारही गोष्टी सांभाळल्या तर किती चांगले घडू शकते, याचे एक सुंदर उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. मँचेस्टर या शहरात दोन मोठे संघ आहेत, मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी. दोघांमध्ये कमालीची चुरस. एकाचा लाल रंग, दुसऱ्याचा आकाशी. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी केलेल्या बाँबहल्ल्यात युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड हे मैदान उद्ध्वस्त झाले. मुख्य प्रेक्षागृह कोसळले. युद्ध संपले, पण देशात पैसा नव्हता, सिमेंट-लोखंड नव्हते. आधी लोकांची घरे बांधायची होती. मैदानाची पाळी नंतर येणार होती.

तेव्हा युनायटेडला जागा दिली ती त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनीच. सिटीच्या मेन रोड या मैदानावर युनायटेड अनेक वर्षे खेळले. ते फुकट नव्हते. वर्षाला पाच हजार पौंड भाडे आणि तिकिटांच्या उत्पन्नात वाटा असा व्यवहार होता. म्हणजे मदतही होती आणि हिशोबही होता. मॅट बस्बी हे त्या वेळी युनायटेडचे व्यवस्थापक होते. स्वतःचे मैदान नसलेल्या या संघाने १९४८ साली इंग्लंडचा मानाचा एफ.ए. कप जिंकला! त्याच वर्षी मेन रोडवर युनायटेड आणि आर्सेनल यांच्या सामन्याला ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. परक्या मैदानावर एवढी गर्दी कशी झाली? कारण ते मैदान त्याच शहरात होते. युनायटेडचे प्रेक्षक ट्रामने, बसने, पायी येऊ शकत होते. घर गेले होते, पण माणसे दुरावली नव्हती. १९४९ साली ओल्ड ट्रॅफर्ड पुन्हा उभे राहिले आणि संघ आपल्या घरी परतला.

पाहुणा आणि यजमान यांचे पटले नाही, तर काय होते? त्याचीही गोष्ट आपल्या मुंबईत घडली आहे. ती क्रिकेटची आहे. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या क्लबचे ब्रेबॉर्न स्टेडियम आहे. मुंबईचे कसोटी सामने तेथे होत. सामने भरवणारी मुंबईची क्रिकेट संघटना मात्र तेथे पाहुणीच होती. कोणाला किती जागा आणि किती तिकिटे मिळावीत, यावरून दोघांत वाद झाला. वाद विकोपाला गेला. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचे मैदान बांधण्याचा निर्धार केला. ब्रेबॉर्नपासून जवळच वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबॉर्नवर कसोटी सामने होणे बंद झाले.

पण काळ पाहा कसा फिरतो! २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियमची पुनर्बांधणी करायची ठरली. मग सामने भरवायचे कुठे? जुन्या यजमानाच्या घरी! डिसेंबर २००९ मध्ये, तब्बल ३६ वर्षांनंतर, ब्रेबॉर्नवर पुन्हा कसोटी सामना झाला. श्रीलंकेविरुद्धच्या त्या सामन्यात वीरेंद्र सेहवागने २९३ धावा केल्या आणि भारताने डावाने विजय मिळवला. २०१० साली मुंबई इंडियन्स संघानेही आपले घरचे सामने ब्रेबॉर्नवरच खेळले. वानखेडेचे काम वेळेत झाले आणि २ एप्रिल २०११ रोजी भारताने तेथेच विश्वचषक जिंकला. एकेकाळी रागाने ज्या दारातून बाहेर पडलो, त्याच दारात कधी तरी पाहुणा म्हणून यावे लागते. म्हणून निघताना दार आपटू नये.

याच सुमारास पुण्यातही असेच घडत होते. पुणे वॉरियर्स या क्रिकेट संघाने २०११ साली घरचे सामने नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळले, कारण गहुंजे येथील नवे मैदान तयार होत होते. एप्रिल २०१२ मध्ये ते सुरू झाले आणि संघ तिकडे गेला. येथे मुदत पाळली गेली.

पण प्रत्येक वेळी मुदत पाळली जात नाही. लातूर जिल्ह्यातील मोठ्या माणसांना विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गावेच्या गावे ढिगारा झाली. नवी गावे बांधून होईपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. उन्हाळ्यात पत्रा तापे, पावसात वाजे. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, "आपले घर केव्हा?" मैदानाची आणि घराची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. भूकंपात माणसे गेली, येथे फक्त खेळाचा प्रश्न आहे. पण 'तात्पुरते' या शब्दाला तारीख जोडलेली नसेल, तर माणूस किती अस्वस्थ होतो, हे लातूरच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

विम्बल्डन या फुटबॉल संघाची गोष्ट म्हणजे हरवलेल्या मुदतीची गोष्ट आहे. लंडनमधील विम्बल्डन हे नाव तुम्ही टेनिसमुळे ऐकले असेल. तेथे एक लहानसा फुटबॉल संघही होता. १९१२ पासून तो प्लॉ लेन या छोट्या मैदानावर खेळत असे. १९८८ साली या संघाने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफ.ए. कप जिंकला. सारा देश चकित झाला. पुढच्याच वर्षी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ चाहते मरण पावले. त्यानंतर नियम झाला, की मोठ्या संघांच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायला खुर्ची हवी. नियम योग्यच होता. पण प्लॉ लेनवर बहुतेक प्रेक्षक उभे राहून सामने पाहत. एवढ्या खुर्च्या तेथे कशा मावणार?

१९९१ साली विम्बल्डनचा संघ क्रिस्टल पॅलेस या संघाच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर पाहुणा म्हणून गेला. नवे मैदान झाले की परत यायचे, असे सर्वांना वाटले. एक वर्ष गेले, पाच गेली, दहा गेली. नवे मैदान झालेच नाही. जुने मैदानही विकले गेले. मुलांनो, मराठीतील 'मुदत' आणि उर्दूतील 'मुद्दत' यांतला फरक आता लक्षात आला ना? मुदतीची मुद्दत झाली! शेवटी २००२ साली निर्णय झाला, की हा संघ लंडनपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या गावी न्यायचा. पुढच्या वर्षी संघ गेला. थोड्याच काळात त्याचे नावही बदलले.

मग विम्बल्डनचे लोक रडत बसले का? नाही. २००२ सालीच चाहत्यांनी एकत्र येऊन स्वतःचा नवा संघ काढला. त्याचे नाव ए.एफ.सी. विम्बल्डन. खेळाडू निवडण्यासाठी त्यांनी गावातल्या मोकळ्या माळावर चाचणी ठेवली. ज्याला वाटेल त्याने यावे! दोनशेहून अधिक मुले आली. हा नवा संघ इंग्लंडच्या फुटबॉलमधील नवव्या पायरीवर खेळू लागला. नऊ हंगामांत पाच वेळा वर चढून २०११ साली तो मुख्य फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. क्लबची मालकी कोणा श्रीमंताकडे नव्हती, चाहत्यांकडे होती. मैदान बांधायला पैसे कमी पडले, तेव्हा चाहत्यांनीच आपली बचत क्लबला कर्जाऊ दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये हा संघ प्लॉ लेनला परतला. नवे मैदान जुन्या जागेपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. करोनाच्या साथीमुळे त्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांना येता आले नाही. एकोणतीस वर्षे ज्यांनी वाट पाहिली, त्यांनी घरी बसून आपल्या घराचे दार उघडताना पाहिले.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ती लपवून चालणार नाही. ए.एफ.सी. विम्बल्डन सुरुवातीला किंग्स्टोनियन या शेजारच्या लहान संघाच्या मैदानावर पाहुणा होता. पुढे ते मैदान विम्बल्डनच्या ताब्यात आले आणि किंग्स्टोनियनचा संघ आपल्याच मैदानात भाडेकरू झाला. नंतर प्लॉ लेनसाठी पैसे उभे करायला विम्बल्डनने ते मैदान दुसऱ्या क्लबला विकले. २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला तेथून बाहेर पडावे लागले. ज्यांना बेघर होण्याचे दुःख ठाऊक होते, त्यांच्या हातूनही दुसरा बेघर झाला. स्वतःचे घर मिळवताना यजमानाचे घर जाऊ नये, याची काळजी घेणे किती अवघड असते, पाहा.

आता आपल्या मुंबईच्या संघांचे काय झाले? २०१३ साली आय-लीगच्या परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्यामुळे एअर इंडियाचा संघ लीगबाहेर गेला. कूपरेज तयार झाल्यावर २०१५ मध्ये मुंबई एफ.सी. पुन्हा तेथे खेळू लागला. म्हणजे त्यांची परत येण्याची मुदत लांबली, पण संपली. तरीही दोनच वर्षांनी, २०१७ साली, तो संघ बंद पडला. त्याआधीच पुणे एफ.सी.ही बंद झाला होता. त्याची कारणे अनेक होती. पैशाची चणचण होती, नव्या मोठ्या स्पर्धेची चढाओढ होती. केवळ परक्या मैदानामुळे असे झाले, असे म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट दिसते. विम्बल्डनला मैदान नव्हते, पण आपला संघ जिवंत ठेवणारी माणसे होती. मुंबईच्या संघाला शेवटी मैदान मिळाले, पण तो बंद होताना त्याला धरून ठेवायला तेवढे हात पुढे आले नाहीत. मैदान बांधायला पैसा लागतो. संघ टिकायला माणसे लागतात.

मुलांनो, तुम्ही कदाचित कधी फुटबॉल संघात खेळणार नाही. पण यजमान आणि पाहुणा या दोन्ही भूमिका तुमच्या वाट्याला नक्की येतील. कधी तुमच्या शाळेच्या मैदानावर दुसऱ्या शाळेचे सामने होतील. तेव्हा त्यांना पिण्याचे पाणी कुठे आहे ते दाखवा आणि सावलीची बाजू द्या. कधी तुम्ही नांदेडहून लातूरला किंवा लातूरहून नांदेडला स्पर्धेसाठी जाल. तेव्हा निघण्यापूर्वी खोली झाडा, बाके जागेवर लावा, मैदानावरची केळ्यांची साले उचला. पाळी संपल्यावर फळा पुसून ठेवा. कुणासाठी? ज्याचे नाव तुम्हांला माहीत नाही, पण जो रोज तुमच्याच बाकावर बसतो, त्याच्यासाठी.

आणि तुमच्या शाळेची नवी इमारत, नवी खोली किंवा नवे मैदान व्हायचे असेल, तर ते केव्हा होणार, हे नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा विचारत राहा. उसने घेतलेले वापरण्यात कमीपणा नाही. पण उसने ते उसने आहे, हे विसरू नये. करार स्पष्ट असावा, मुदत ठरलेली असावी आणि दोघांची मने साफ असावीत. मग करारातून मनालाही करार मिळतो.

शब्दार्थ

उसने – थोड्या काळासाठी मागून घेतलेले, उधार
यजमान – घरमालक, मेजबान
पाहुणा – मेहमान
कुरबूर – लहानसहान तक्रार
नूतनीकरण – जुन्याचे नवे करणे
चुरस – स्पर्धा, चढाओढ
निगा – काळजी, देखभाल
पई – वाटसरू
विकोपाला जाणे – फार वाढणे, हाताबाहेर जाणे
हाकेच्या अंतरावर – अगदी जवळ
चणचण – कमतरता, तंगी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईचे फुटबॉल संघ बालेवाडीला का गेले?
(आ) बालेवाडीचे क्रीडा संकुल कोणत्या स्पर्धांसाठी उभे राहिले?
(इ) ओल्ड ट्रॅफर्ड हे मैदान कशामुळे उद्ध्वस्त झाले?
(ई) वानखेडे स्टेडियमला कोणाचे नाव दिले आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मैदान वाटून घेताना कोणत्या चार गोष्टी आधी ठरवाव्या लागतात?
(आ) मेन रोडवर युनायटेडच्या सामन्यांना गर्दी होई. मुंबईच्या प्रेक्षकांना मात्र बालेवाडीला जाणे कठीण होते. असे का?
(इ) किंग्स्टोनियन संघावर अन्याय झाला, असे तुम्हांला वाटते का? कारण सांगा.

३. कोण ते ओळखा.
(अ) स्वतःचे मैदान नसतानाही एफ.ए. कप जिंकणारा संघ –
(आ) आपल्याच मैदानात भाडेकरू झालेला संघ –
(इ) ज्या क्लबची मालकी चाहत्यांकडे होती, तो क्लब –

४. गणित करा.
एका साखळी स्पर्धेत १० संघ आहेत. प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. दोन संघांचे घरचे मैदान एकच आहे. त्या मैदानावर एकूण किती सामने होतील?

५. खालील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. ज्या शब्दांचे अर्थ दोन्ही भाषांत वेगळे आहेत, ते शब्द ओळखा.
मैदान, तारीख, करार, मुदत, हक्क

६. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
विकोपाला जाणे, मूळ धरणे, ताब्यात येणे, वाट पाहणे

७. उपक्रम
तुमच्या शाळेचे मैदान किंवा इमारत दुसरी शाळा किंवा संघ वापरत असेल, तर दोघांनी पाळायच्या पाच अटींचा एक छोटा करार मराठीत लिहा. त्यात मुदत लिहायला विसरू नका.